दोन ल
आज भर उन्हात कोल्हापुरात पापाची तिकटीला तासभर नुसत्या पाट्या बघत उभा होतो. एका जुन्या, हातानं रंगवलेल्या पाटीवर 'कोल्हापुरी चप्पल'. दोन्ही ल पाकळीचे, म्हणजे उभी दांडी नसलेले! ब्रशच्या एकेका वळणात एकेक पाकळी, शेवटी रंग जरा जाड साचलेला. शासनानं २००९ च्या निर्णयात हाच ल मराठीचा ठरवलाय, तरी माझ्या लॅपटॉपवरच्या बऱ्याच फॉन्टांत दांडीवाला हिंदी ल येतो. शेजारच्या फ्लेक्सवरही तोच, वर सोनेरी सावली. चित्रकार आणि सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावात हे बघवत नाही राव.

दुकानदारकाका म्हणाले, "पोरा, पाटीचंच फोटो काढतोस, चप्पल तरी बघ की!"

घरी येऊन वहीत चाळीस ल काढले. एकही तसा उतरला नाही. उद्या परत जाणार, चप्पल घ्यावी लागली तरी चालेल.