रानगाढवांना माणसाची सवय लावताना

ॲरिझोनात आमच्या कुंपणात सध्या दोन गाढवी आहेत, चंद्री आणि साळू. दोघी थेट वाळवंटातून आलेल्या. सासवडला फोन केला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, पण गाढवं रानात कशी?"

स्पॅनिश लोकांनी ती सोळाव्या शतकात या खंडावर आणली. पुढे सोन्या-चांदीच्या शोधात फिरणाऱ्यांनी त्यांच्या पाठीवर ओझी लादली आणि गरज सरल्यावर त्यांना मोकळं सोडून दिलं. ती या वाळवंटात तगली, वाढली. कोरड्या ओढ्यात खुरांनी झिरे खणून ती पाणी काढतात आणि ते पाणी इतर जनावरंही पितात, यावरचा अभ्यास २०२१ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. मला या प्राण्याबद्दल आदर वाटतो तो इथूनच.

१९७१ च्या कायद्याने या मोकाट घोड्या-गाढवांना संरक्षण मिळालं. संख्या जास्त झाली की ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी जमिनी सांभाळणारं अमेरिकी खातं काहींना पकडून लोकांना सांभाळायला देतं. न शिकवलेल्या जनावराची फी १२५ डॉलरपासून. मात्र प्रत्येकी किमान ४०० चौरस फुटांचं आवार, साडेचार फुटी कुंपण आणि वर छप्पर हवंच. वर्षभर नीट सांभाळलं तरच मालकीचा कागद मिळतो. चंद्रीच्या मानेवर डाव्या बाजूला पांढऱ्या केसांची खूण आहे. ती अतिथंड लोखंडाने उमटवतात आणि तिच्यात जन्मवर्ष व नोंदणी क्रमांक असतो.

जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात गिऱ्हाईक सरळ जबडा उघडून दात बघतं आणि गाढव मुकाट उभं राहतं, कारण ते जन्मापासून माणसांत वाढलेलं असतं. इथे सुरुवातीला मी दार उघडलं तरी दोघी लांबच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या राहायच्या. मी बादली पालथी घालून आत बसायचे, त्यांच्याकडे थोडी पाठ करून. चंद्रीने कान माझ्याकडे वळवला की उठून चार पावलं मागे जायचं. आपण पाहिलं की हे माणूस दूर होतं, हे तिला कळलं पाहिजे. मग तीच कुतूहलाने जवळ येते. पहिला स्पर्श लांब काठीला बांधलेल्या मोज्याने, तोही खांद्यावर. तोंड आणि कान सगळ्यात शेवटी.

गाढव घाबरलं की घोड्यासारखं उधळत नाही, बहुधा जागच्या जागी थबकतं. लोक त्याला हट्टी म्हणतात ते यावरूनच. खरं तर ते विचार करत असतं. अशा वेळी दोर ओढला तर दिवसभराची मेहनत पाण्यात. आपण थांबलो, तर ते स्वतःहून पाऊल टाकतं.

खुरांचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रानातल्या खडकांवर खूर आपोआप झिजतात, मऊ मातीच्या आवारात ते वाढत जातात. म्हणून साधारण दोन महिन्यांनी नालबंदाला बोलवावं लागतं, आणि त्याआधी पाय उचलू देणं शिकवावं लागतं. आधी पायावरून मऊ दोर फिरवायचा, मग क्षणभर पाय उचलायचा आणि तिने ओढून घ्यायच्या आत आपणच खाली ठेवायचा. साळूने पहिल्यांदा मागचा पाय माझ्या हातात सैल सोडला, तेव्हा माझे डोळे भरून आले.

खाण्याच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. लसूणघास, धान्य, पाव असं काहीही प्रेमाने घालू नका. वाळवंटातल्या काटक्या-गवतावर जगणारं हे शरीर. आम्ही बार्लीचं काड आणि थोडं बर्म्युडा गवत देतो, जोडीला खनिजांची वीट आणि स्वच्छ पाणी. पाणी घाण असेल तर त्या तहानलेल्या राहतील, पण पिणार नाहीत. जास्त खाल्लं की मानेवर चरबी साठते, खुरांच्या आत दाह होऊन चालणं मुश्कील होतं. आणि लठ्ठ गाढवाने अचानक खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरून जीव जाऊ शकतो. एक वेळही खाल्लं नाही, तर डॉक्टरला लगेच फोन करा.

अमेरिकेतल्या कुणा मराठी माणसाच्या मनात असेल तर एवढंच सांगते. एकटं गाढव आणू नका, जोडी आणा, जमल्यास कळपात एकमेकांजवळ उभी असलेलीच. जोडीदार गेल्याच्या दुःखानेही ती खाणं सोडतात. गाढवांचे खूर करणारा नालबंद जवळपास आहे का, हे अर्ज भरण्याआधी पाहा. आणि ती तीस-तीस वर्षं जगतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांशी आधी बोला.