वेढ्यात कॉन्सुलमार्फत युद्धबंदी: सराव घेताना आलेला अनुभव

रत्नागिरीत आम्ही विद्यार्थ्यांकडून वेढ्यातल्या बोलणीचा सराव करून घेतो. नकाशा रत्नदुर्गाचा, तीन बाजूंना समुद्र असलेला. प्रसंग मात्र मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचा, मार्च १८४७. अमेरिकी सेनापती विनफिल्ड स्कॉटने २२ तारखेला तोफा सुरू केल्या. मग परकीय कॉन्सुलांनी, म्हणजे परदेशी सरकारांच्या शहरातल्या प्रतिनिधींनी, बायका-मुलं बाहेर काढायला सवड मागितली. स्कॉटने नकार दिला: मागणी गव्हर्नरची हवी, आणि तीही शहर सोपवायच्या तयारीने. परकीयांना निघायची संधी आधीच देऊन झाली होती. २९ तारखेला शहर पडलं.

पहिला गट हमखास इथेच आपटतो. कॉन्सुल नुसती कळकळ घेऊन जातो, खिशात किल्लेदाराचं अधिकारपत्र नसतं. ते आधी लेखी घ्या.

दुसरी चूक ‘सर्व नागरिक’ हे दोन शब्द. आतली खाणारी तोंडं कमी झाली की धान्य जास्त दिवस पुरतं, हे वेढा घालणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून यादी नेमकी करा: जखमी, आजारी, अपंग, वृद्ध, मुलं, बाळंतिणी. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं १७ वं कलम याच लोकांसाठी आहे.

खरी मारामारी वेळेवरून होते. युद्धबंदीची मुदत लिहिली नाही, तर १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे (जमिनीवरच्या युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम) इशारा देऊन कुणीही पुन्हा लढाई सुरू करू शकतो. मुदत लिहिली तरी, लोकांना न्यायच्या होड्यांना लागणाऱ्या भरतीचं काय? आपल्याकडे तिथीची पाऊणपट म्हणजे ढोबळमानाने भरतीचा तास. अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरतं, बाराला ओहोटी. एका गटाने अष्टमीचीच दुपारी ११ ते १ ही वेळ मान्य केली, आणि कागदावरच्या सगळ्या होड्या वाळूत बसल्या. शिवाय भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, तेव्हा तीन दिवस एकच वेळ लिहू नका. घड्याळ कोणाचं, तेही लिहा.

शेवटच्या मोर्च्यापर्यंत निरोप पोचायला सवड ठेवा, नाहीतर न कळलेला गोलंदाज बत्ती देतो. एकट्यादुकट्या शिपायाने मनाने गोळी झाडली, तर शिक्षा आणि भरपाई मागता येते, तेवढ्यावरून युद्धबंदी मोडत नाही. हे वाक्य मसुद्यात असलेलं बरं, कारण अशी गोळी सुटतेच.

पांढऱ्या निशाणाबरोबर ढोलवाला द्यावा, नियमांत त्याला मुभा आहे. खाऱ्या वाऱ्यात भिजलेलं कापड काठीला चिकटलं की लांबून काही दिसत नाही.