जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि घड्याळाप्रमाणे घ्यायची औषधे

जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर किती दुखते, असे मला अजूनही विचारले जाते, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. माझे वरचे आणि खालचे दोन्ही जबडे कापून, योग्य जागी सरकवून, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवले, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात हाडाचे दुखणे मला वाटले होते त्याहून पुष्कळ कमी होते. खालच्या जबड्याच्या आतून जाणारी संवेदनेची नस अशा शस्त्रक्रियेत ताणली जाते, त्यामुळे खालचा ओठ आणि हनुवटी काही काळ बधिर राहतात. दुखत होते ते दुसरेच: भूल देताना नाकातून घातलेल्या नळीमुळे सोलवटलेला घसा, चोंदलेले नाक, ताणून चकचकीत झालेले गाल आणि कानाजवळ जबड्याच्या स्नायूंना येणारे पेटके. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. म्हणून घरी सोडल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि घरचे लोक घाबरतात. डॉक्टरांनी आम्हाला हे आधीच सांगून ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला.

आमच्या कोल्हापुरात सोसण्याचे कौतुक मोठे. तालमींचे हे गाव आहे, आणि ‘गोळी कशाला, थोडे सहन कर’ असे प्रेमाने सांगणारी माणसे प्रत्येक घरात असतात. या बाबतीत मात्र मी ते मुळीच मानत नाही. पोटात घेतलेल्या वेदनाशामकाचा गुण यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तोपर्यंत दुखणे चढलेले असेल तर माणूस पाणी पीत नाही, झोपत नाही, दात आवळून धरतो, आणि आवळलेले स्नायू आणखी दुखतात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत दुखण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध घ्यावे, असा डॉक्टरांचा आग्रह होता. पॅरासिटामॉल दर ६ तासांनी आणि सूज उतरवणारे वेदनाशामक दिवसातून दोनदा. ही दोन औषधे वेगवेगळ्या प्रकारे काम करतात, त्यामुळे ती एकत्र दिली की अफूच्या जातीच्या जड औषधांची गरज कमी पडते. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले, वेळ आणि औषध लिहिले, आणि डोस दिला की त्यापुढे बरोबरची खूण केली. मला बोलता येत नव्हते आणि रात्री-पहाटेचे भान राहत नव्हते, त्या काळात तो कागद माझ्या वतीने बोलत होता.

औषधाच्या पट्टीवरचे मोठे नाव वाचून भागत नाही, खालची बारीक अक्षरे वाचावी लागतात. निरोगी प्रौढ माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये, कारण त्यापुढे यकृताला धोका असतो. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल, तर ही मर्यादा डॉक्टर आणखी खाली आणतात. आता समजा, ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ४ वेळा घेतली, तर २.६ ग्रॅम झाले. सुजेसाठी ॲसिक्लोफेनॅकची जोडगोळी, म्हणजे दोन औषधे एकत्र असलेली गोळी, असेल, तर तिच्यातही बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, आणि ती दोनदा घेतली जाते. रात्री ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या औषधाची जोडगोळी घेतली, तर तिच्यात आणखी ३२५. बेरीज साडेतीन ग्रॅमच्या वर गेली, आणि अजून कोणी चूक केलेली नाही. अशा वेळी नाक चोंदले म्हणून घरातल्या डब्यातली सर्दीची एक गोळी कोणी प्रेमाने दिली, तर तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असते, आणि मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे घरात ज्याच्या हाती औषधे असतील, त्या एकाच माणसाने ती द्यावीत, आणि चिठ्ठीबाहेरचे काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

दुसरा मोठा प्रश्न असतो तो औषध पोटात जायचे कसे, हा. दातांना रबर लावून दोन्ही जबडे एकमेकांशी जखडलेले असतात, आणि अख्खी गोळी आत जायला वाटच नसते. आई पॅरासिटामॉलची गोळी दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये चिरडायची, तिची पूड कोमट पाण्यात कालवून सिरिंजमध्ये ओढायची, सिरिंजच्या टोकाला रुग्णालयातून मिळालेली मऊ रबरी नळी लावायची आणि ती गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागे सरकवून थेंबाथेंबाने औषध सोडायची. ते कडू पाणी जिभेवर पसरताना डोळ्यांत पाणी यायचे, पण घसा हळूहळू गिळायला शिकला. मात्र प्रत्येक गोळी अशी चिरडता येत नाही. पित्तासाठी दिलेल्या पँटोप्राझोलच्या गोळीवर जठरातील आम्लापासून औषधाला वाचवणारे आवरण असते, आणि ज्या गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे असतात, ती औषध तासन्‌तास थोडेथोडे सोडण्यासाठी बनवलेली असते. तिची पूड केली, तर सगळा डोस एकदम अंगात उतरतो. आमच्या राजारामपुरीतल्या मेडिकलवाल्या काकांनी पट्ट्या काउंटरवर मांडून कोणती चिरडायची आणि कोणती नाही, हे पेनाने खुणा करून दिले, आणि पित्ताची गोळी डॉक्टरांना फोन करून तोंडात विरघळणाऱ्या प्रकारात बदलून घेतली.

सिरप सोपे वाटते, पण त्यातही लक्ष लागते. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते. ६५० मिलिग्रॅमचा डोस पहिल्या बाटलीतून २६ मिलिलिटर होतो, दुसरीतून १३. बाटली संपून नवी आणली की लेबल पुन्हा वाचावे, आणि माप स्वयंपाकघरातल्या चमच्याने न घेता सिरिंजने किंवा बाटलीबरोबरच्या टोपणाने घ्यावे. प्रतिजैविकाच्या कोरड्या सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे लागते आणि ते बहुधा फ्रिजमध्ये ठेवून ७ दिवसांतच संपवायचे असते.

सूज उतरवणारी वेदनाशामके रिकाम्या पोटी घेतली की जठराला जाच होतो, आणि जेवण बंद असलेल्या माणसाचे पोट सदा रिकामेच असते. येथे कोल्हापूरचे स्वयंपाकघर माझ्या मदतीला आले. तांबड्या रश्श्याचा तर विचारही करता येत नव्हता, कारण टाक्यांना तिखट सोसत नाही, पण मटण तिखटाशिवाय शिजवून काढलेले आळणी पाणी आमच्याकडे बाळंतिणीपासून आजाऱ्यापर्यंत सर्वांना देतात. ते स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळून, कोमट करून मावशी घेऊन यायची. वाटीभर आळणी किंवा नाचणीची पातळ पेज पोटात गेली की मग औषध, असा क्रम आम्ही पाळला. पाणी भरपूर जाणेही तितकेच गरजेचे आहे, कारण अंगातले पाणी कमी झालेले असताना ही औषधे मूत्रपिंडाला त्रासदायक ठरतात. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर किंवा दमा आहे, अथवा जे रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यांनी हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगायला हवे.

ट्रॅमाडॉल मला फक्त सुरुवातीच्या रात्रींपुरते दिले होते. झोप लागली, पण मळमळ, गरगरणे आणि नंतर बद्धकोष्ठता असा त्याचा हिशेब द्यावा लागला. जबडे जखडलेले असताना उलटी होईल ही भीती जबरदस्त असते. पोटात सगळे पातळच असल्यामुळे पुढे वाकले की ते दातांच्या फटींतून आणि गालांच्या बाजूने बाहेर पडते, हे डॉक्टरांनी समजावले होते. तरीही रबर कापण्यासाठी लहान कात्री उशाशी असायची, आणि ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फाने थोडा थोडा वेळ शेकणे आणि डोके उंच ठेवून झोपणे, याने औषधाइतकाच आराम मिळाला. हळदीचे दूध पाठवणाऱ्या शेजारच्या काकूंचे मन मोडवत नव्हते, पण हळदीचे कण टाक्यांत अडकतात, म्हणून ते गाळून घ्यावे लागले. आपल्या कोल्हापुरातल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून देतात ते धारोष्ण दूध मात्र तोंडात जखमा असताना नकोच, तापवलेलेच घ्यावे.

दुखणे दिवसागणिक उतरत गेले पाहिजे. उतरलेले दुखणे चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पुन्हा चढू लागले, ताप आला, तोंडाला घाण चव किंवा पू आला, तर वेदनाशामक वाढवत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. पुढे बधिर हनुवटीत मुंग्या आणि विजेसारख्या चमका सुरू झाल्या, तेव्हा मी घाबरले होते. ती नस पुन्हा जागी होत असल्याची खूण होती, आणि नेहमीच्या वेदनाशामकांचा अशा चमकांवर फारसा परिणाम होत नाही. त्यासाठी नसांच्या दुखण्यावरचे वेगळे औषध डॉक्टरांनी दिले आणि ते हळूहळू कमी करत बंद केले. तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू झाल्यावर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले होते, तेवढाच औषधाचा शेवटचा नियमित उपयोग राहिला.

ट्रॅमाडॉलच्या काही गोळ्या उरल्या आहेत. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि तसे नसते तरी दाढ दुखते म्हणून कोणी मागितली तर मी ती देणार नाही. उरलेली पट्टी पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे, म्हणजे तिचे काय करायचे ते त्यांनाच विचारता येईल.