बॉक्स्टरचे टायर निवडताना केलेली काटकसर

पहिल्या पिढीतील पॉर्शे बॉक्स्टर, म्हणजे ९८६ या सांकेतिक क्रमांकाची, २.७ लिटर इंजिनाची गाडी, मी वापरलेल्या स्थितीत घेतली तेव्हा आधीच्या मालकांनी टायरवर बोट ठेवून सांगितले होते की नक्षी जवळजवळ नवीन आहे, त्यामुळे त्यांच्यावर इतक्यात खर्च करावा लागणार नाही. नक्षी खरोखरच खोल होती आणि मी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. पुढे पहिल्याच पावसात, एका साध्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला असताना, गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला. रस्ता मोकळा होता म्हणून काही बिघडले नाही. घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन टायरच्या बाजूवर छापलेली अक्षरे वाचली, आणि डॉट या खुणेनंतरचे शेवटचे चार आकडे पाहताच कारण समजले. त्या चार आकड्यांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. माझे टायर नऊ वर्षांपूर्वीचे होते.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतील प्राणवायू, ऊन आणि उष्णता यांमुळे ते हळूहळू कडक होत जाते, आणि कडक झालेले रबर ओल्या डांबराच्या बारीक खडबडीतपणाला चिकटू शकत नाही. नक्षी कितीही खोल असली तरी ही उणीव भरून निघत नाही. मिशलिनसारखी कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षे झाली की दिसायला चांगला असला तरी टायर बदलावा, असा सल्ला देते. वेगवान गाड्यांच्या मऊ रबराच्या बाबतीत ही दहा वर्षांची मर्यादा मला फार उदार वाटते, आणि त्या वळणानंतर मी स्वतःसाठी सहा वर्षांची मर्यादा ठरवून टाकली आहे.

या एका गोष्टीमुळे स्वस्त टायर कशाला म्हणायचे, याचा माझा हिशेबच बदलला. रोजच्या गाडीसाठी आपण टायर किती किलोमीटर चालेल हे पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु माझी बॉक्स्टर वर्षाला चार हजार किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे सहा वर्षांत फार तर चोवीस हजार. चाळीस हजार किलोमीटर टिकणारा टायर मी घेतला, तर त्यातील सुमारे चाळीस टक्के रबर झिजण्याआधीच कडक होऊन फेकावे लागेल, आणि त्या टिकाऊपणासाठी पकडीत केलेली तडजोड मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या वाट्याला येईल. टायर किती टिकेल याचा अंदाज देणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या ट्रेडवेअर क्रमांकाचे आकर्षण मी त्यामुळेच सोडून दिले. ज्याचा क्रमांक १०० मानला आहे अशा प्रमाण टायरशी तुलना करून हा क्रमांक दिला जातो, तो कंपनी स्वतः ठरवते, आणि एका कंपनीचा ३०० हा दुसऱ्या कंपनीच्या ३०० इतकाच टिकेल असे त्यावरून म्हणता येत नाही. त्याच कोष्टकात पकडीसाठी दिलेली डबल ए, ए, बी, सी ही श्रेणीदेखील ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची असते. वळणावर टायर कसा वागेल याबद्दल ती काहीही सांगत नाही.

मापाच्या बाबतीत मात्र काटकसरीला जागा नसते, आणि सर्वांत मोठा मोह नेमका तिथेच पडतो. माझ्या गाडीला सतरा इंची रिम आहेत: पुढच्या सात इंच रुंद, मागच्या साडेआठ इंच. कंपनीने दिलेले माप पुढे २०५/५० झेडआर १७ आणि मागे २५५/४० झेडआर १७ असे आहे. यातील पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची, झेडआर ही वेगवान गाड्यांच्या टायरची खूण आणि शेवटचा आकडा इंचांतील रिमचा व्यास. पुढचे माप सहज मिळते. मागचे फारच थोड्या गाड्यांना लागते, त्यामुळे त्यात निवड कमी असते. एका दुकानात मला पुढे २२५/४५ आणि मागे २४५/४० बसवण्याचा सल्ला मिळाला, कारण ती दोन्ही मापे खूप गाड्यांना लागतात, खूप कंपन्या ती बनवतात आणि म्हणून ती स्वस्त पडतात. दोन्ही मापे माझ्या रिमवर नीट बसतातही. सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण घरी येऊन मी कागदावर आकडे मांडले.

टायरची एकूण उंची काढणे सोपे आहे. रुंदीला टक्केवारीने गुणले की बाजूची उंची मिळते, तिची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवायचा. सतरा इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. पुढचा मूळ टायर ६३६.८ मिलिमीटर भरतो आणि मागचा ६३५.८, म्हणजे रुंदीत पाच सेंटिमीटरचा फरक असूनही उंची जवळजवळ सारखीच ठेवलेली आहे. सुचवलेल्या जोडीत पुढचा ६३४.३ आणि मागचा ६२७.८ झाला असता. उंचीतील फरक एका टक्क्याच्या आसपास राहतो, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून मी नकार दिला नसता. (गाडी चारही चाकांनी ओढणारी असती तर हाच फरक गंभीर ठरला असता, अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण बदलले की मधल्या जोडणीवर सतत ताण येतो.) माझी खरी हरकत रुंदीला होती. बॉक्स्टरचे इंजिन मागच्या आसाच्या पुढे, पण चालकाच्या पाठीमागे बसवलेले आहे आणि गाडीचे वजन मागे अधिक आहे. अशी गाडी मर्यादेपाशी पोहोचली की मागून सुटण्याची प्रवृत्ती तिच्यात असते, आणि तिला आवर घालण्यासाठीच अभियंत्यांनी पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद ठेवले आहेत, जेणेकरून पकड आधी पुढून कमी होईल आणि चालकाला त्याची सूचना स्टेअरिंगमधून मिळेल. पुढचा टायर दोन सेंटिमीटरने रुंद आणि मागचा एक सेंटिमीटरने अरुंद करणे, हे दोन्ही बदल गाडीला त्याच नको असलेल्या दिशेने ढकलतात. ज्या वळणाने मला टायर बदलायला लावले, त्याच अनुभवाकडे मी पैसे वाचवून परत गेलो असतो.

भार आणि वेगाच्या खुणांचा प्रश्न लवकर सुटला. पुढच्या टायरचा भारक्रमांक ८९, म्हणजे एका टायरवर ५८० किलो, आणि मागच्याचा ९४, म्हणजे ६७० किलो. या आकड्यांच्या खाली कधीही जाऊ नये. वेगाच्या अक्षरांत व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००. माझ्या गाडीचा कमाल वेग २५० आहे, म्हणून व्ही अपुरा ठरतो, मग मी त्या वेगाने कधी जाणार नसलो तरीही. डब्ल्यू पुरतो आणि वायसाठी मुद्दाम जास्त मोजण्याचे कारण उरत नाही.

पॉर्शेच्या एन खुणेवर मी सर्वांत जास्त विचार केला. कंपनीने स्वतः तपासून मान्य केलेल्या टायरवर एन० , एन१, एन२ अशी खूण असते. हा आकडा दर्जा दाखवत नाही. एकाच टायरची ती कितवी मान्य आवृत्ती आहे एवढेच तो सांगतो, आणि वेगवेगळे आकडे एकाच गाडीवर मिसळू नयेत अशी कंपनीची सूचना आहे. बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचे एमओ किंवा ऑडीचे एओ या खुणादेखील याच प्रकारच्या आहेत. दुकानात एकाच नावाचे आणि एकाच मापाचे दोन टायर असले, तरी खूण असलेल्या टायरचे रबर किंवा आतील बांधणी वेगळी असू शकते, म्हणून या खुणेला केवळ जाहिरात समजणे चुकीचे आहे. वॉरंटीतील किंवा नव्या, फार शक्तिशाली गाडीसाठी मी खुणेबाहेर जाणार नाही.

परंतु माझ्या गाडीचे उत्पादन २००४ मध्ये संपले. तिच्या मापातील मान्य टायर आता मोजकेच आहेत, त्यांतील काहींची रचना बरीच जुनी आहे, आणि मागणी कमी असल्याने ते गोदामात वर्षानुवर्षे पडून राहतात. मला खूण असलेली जी जोडी मिळत होती ती चार वर्षांपूर्वीची होती. माझ्या सहा वर्षांच्या मर्यादेतील दोन तृतीयांश आयुष्य तिने गोदामातच संपवले होते, आणि तिचा भाव मात्र ताज्या मालाचा होता. गेल्या दोन दशकांत ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या सिलिकायुक्त रबरात जी प्रगती झाली, तिचा लाभ आजच्या मधल्या फळीतील टायरलाही मिळाला आहे. खूण नसलेला, पण नव्या रचनेचा आणि ताजा टायर माझ्यासाठी अधिक सुरक्षित आहे, या निष्कर्षावर मी पूर्ण विचारांती आलो आणि खऱ्या अर्थाने पैसे वाचले ते याच निर्णयामुळे.

मधली फळी म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी कंपन्यांची घराणी पाहावी लागतात. हँकूक, कुम्हो आणि नेक्सेन या कोरियन कंपन्या नामांकित युरोपीय मोटार कंपन्यांना कारखान्यातच टायर पुरवतात. फाल्कन हे नाव जपानच्या सुमितोमोचे आहे. व्रेडेस्टाइन २००९ पासून अपोलोकडे आहे. युरोपात युनिरॉयल आणि सेम्पेरिट ही नावे कॉन्टिनेन्टलची, तर क्लेबर मिशलिनचे. दुसऱ्या नावाने विकला जाणारा टायर हा मोठ्या नावाचाच टायर असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. बहुधा त्यात समूहाची आधीची रचना किंवा साधे रबर असते. तरीही अशा टायरमागे प्रयोगशाळा आणि चाचणीचे मैदान असते.

यांतून निवड करताना मी युरोपीय लेबलवरील ओल्या पकडीची श्रेणी ही पहिली चाळणी ठेवली. मे २०२१ पासून लागू झालेल्या लेबलवर ए ते ई अशा पाच श्रेणी आहेत, आणि बीच्या खालचा कोणताही टायर मी विचारात घेतला नाही. इंधनबचतीची श्रेणी मी जवळजवळ दुर्लक्षिली, कारण वर्षाला चार हजार किलोमीटरमध्ये तिचा फरक नगण्य आहे. लेबल एकाच प्रकारच्या ब्रेकचाचणीवर आधारलेले असल्यामुळे पाण्यावर तरंगण्याचा धोका किंवा ओल्या वळणावरचे वर्तन त्यात दिसत नाही. त्यासाठी जर्मनीतील एडीएसी या मोटारचालकांच्या संघटनेसारख्या संस्थांच्या आणि मोटारविषयक मासिकांच्या तुलनात्मक चाचण्या वाचाव्या लागतात. त्या चाचण्या बहुधा २२५/४५ सारख्या प्रचलित मापात केल्या जातात, म्हणून त्यांतील क्रमांक जसाच्या तसा न घेता मी एवढेच पाहिले की एखादा टायर ओल्या रस्त्यावरील सर्व प्रकारांत सातत्याने वर राहतो का. कोरड्या रस्त्यावर पहिला आणि पाण्यात शेवटून दुसरा येणारा टायर मी यादीतून काढून टाकला, आणि त्याच्या स्वस्ताईचे मला क्षणभरही वाईट वाटले नाही.

मागच्यांपुरते एका कंपनीचे दोन टायर घेऊन पुढचे दुसऱ्या कंपनीचे तसेच ठेवण्याचा पर्यायही मी नाकारला. पुढच्या आणि मागच्या रबराचा स्वभाव वेगळा असला की थंडीत किंवा पावसात कोणता भाग आधी सुटेल याचा अंदाज राहत नाही. वापरलेले टायर विकत घेण्याबद्दल माझे मत याहून कडक आहे: आत झालेली इजा बाहेरून दिसत नाही, आणि या वेगाच्या गाडीसाठी तो धोका कोणत्याही बचतीच्या मोलाचा नाही.

पैसे देण्यापूर्वी मी जुने टायर उतरवून त्यांची आतली कड पाहिली, आणि हे प्रत्येकाने करावे असे मला मनापासून वाटते. मागच्या दोन्ही टायरांची बाहेरची नक्षी सहा मिलिमीटर होती, तर आतल्या कडेला ती बऱ्याच देशांत कायद्याने किमान मानलेल्या १.६ मिलिमीटरपर्यंत आली होती. चाक किंचित आत कललेले ठेवणे ही या गाडीची मूळ रचनाच आहे, पण एवढी असमान झीज मुख्यतः चाकांची दिशा बिघडल्यामुळे, म्हणजे टो चुकल्यामुळे होते. अलाइनमेंट केली नसती तर नवीन जोडीही त्याच कडेला संपली असती, आणि रुंदी पुढे-मागे वेगळी असल्यामुळे टायरांची पुढून मागे अदलाबदल करून ती झीज वाटून घेण्याची सोयही या गाडीत नाही.

शेवटी मी मधल्या फळीतील एकाच रचनेचे चार टायर मूळ मापातच घेतले. बसवण्याआधी चारही टायरांचे निर्मितीचे आकडे वाचले. सर्वांत जुना सात महिन्यांचा होता. चाकांचे बोल्ट हवेच्या यंत्राने न आवळता टॉर्क पान्याने १३० न्यूटन मीटरवर आवळून घेतले आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. नव्या रबराच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा थर राहतो, म्हणून पहिले दोनशे किलोमीटर गाडी सावकाश चालवली. त्यानंतरच्या पावसात मी त्याच वळणावरून, त्याच गिअरमध्ये गेलो आणि गाडी रेषा न सोडता वळली. आता दर दोन हजार किलोमीटरला प्रत्येक टायरची आतली, मधली आणि बाहेरची खोली मोजून मी वहीत लिहितो. पहिल्या मोजणीत मागच्या दोन्ही टायरांवरचे तिन्ही आकडे एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले आहेत.