मंदक्रोध

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज यांच्यावर ओरडले. घरात नाही. डायलिसिसच्या खोलीत, वजनकाट्यापाशी, सगळ्यांदेखत.

शनिवारी मशीनवरून उतरले तेव्हा वजन ६१ किलो होतं. आज काटा ६४.८ वर थांबला. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, हा हिशेब तीन वर्षांत माझ्या अंगात मुरलाय. दिवसाला लिटरभरच द्यायचं. त्यात चहा आला, वरण आलं, ताक आलं, गोळ्यांबरोबरचा घोटही आला. मी मोजून देते आणि वहीत मांडते. वहीत कुठेच चूक नव्हती. मग यांनीच सांगितलं. रविवारी उपासनेनंतर शेजारी कलिंगड खाल्लं. काल मी बाजारात गेले तेव्हा फ्रिजमधली बाटली काढली, आणि ती तोंडापासून दूर करवेना.

"मरायचंय का तुम्हाला?" मी म्हणाले. आणखीही बोलले, ते इथे लिहीत नाही. हे काही म्हणाले नाहीत. बाही वर सारून सुयांसाठी हात पुढे केला. पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी डोळे मिटून घेतले, झोप आल्यासारखे. ते मिटलेले डोळे दिवसभर माझ्यासमोर आहेत.

नातेवाइकांनी बाहेर बसायचं असतं. चार तास. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या बाकावर मी इतकं बसलेय की कुठली पट्टी सैल आहे तेही मला माहीत आहे. आज पर्समध्ये सासऱ्यांचं बायबल होतं, कारण शुक्रवारी महिला मंडळात बोलायचंय. यंदा लेंतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आम्ही बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं आत्म्याचं फळ घेतलंय, दर आठवड्याला एक गुण, एक बहीण. प्रीती, आनंद, शांती झाली. चौथी सहनशीलता. ती माझ्याकडे आली, कारण, पाळकबाई म्हणाल्या, "तुमच्याइतका धीर आमच्यात कुणाचा आहे?"

मीही ते खरं मानलं होतं. मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत नाव घालून दोन वर्षं झाली. फोन वाजला की अजून छातीत धडधडतं, पण मी देवाशी भांडले नाही. भायखळ्याहून बस, बस नसेल तर टॅक्सी, पावसाळ्यात रस्ते तुंबले तरी एक वार चुकला नाही. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. मला वाटायचं, यालाच धीर म्हणत असावेत.

सासरे नगरकडचे, गावोगाव सुवार्ता सांगत फिरलेले. त्यांच्या बायबलच्या समासात बारीक पेन्सिलीच्या नोंदी आहेत. गलतीच्या त्या ओळीशेजारी दोन ग्रीक शब्द: 'हुपोमोने, ओझ्याखाली टिकून राहणे. मॅक्रोथुमिया, राग लांब असणे.' आणि खाली एकच वाक्य: 'पहिला संकटाशी, दुसरा माणसाशी.' तिथून बाण मारून त्यांनी कलस्सैकरांस पत्राचा पहिला अध्याय लिहिलाय, कारण ही पत्रं लिहिणारा पौल तिथे दोन्ही शब्द एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवतो. पौलाला ते दोन वाटत असणार, नाहीतर एकानेच भागलं असतं. ही रेघ अगदी काटेकोर नाही. याकोब आपल्या पत्रात शेतकऱ्याच्या पावसासाठी वाट पाहण्यालाही यातला दुसरा शब्द लावतो. पण गलतीच्या यादीत आहे तो हाच दुसरा.

म्हणजे यादी, फोन, बस, पाऊस, हा सगळा पहिला धीर. तो मला थोडाफार जमतो. शुक्रवारी मला बोलायचंय दुसऱ्यावर, आणि त्यावर मी सकाळीच नापास झाले.

जुन्या करारातल्या ईयोबाची आठवण झाली. याकोब त्याच्या धीराचा दाखला देतो, आणि तिथे शब्द पहिला आहे, ओझ्याखाली टिकण्याचा. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली, तरी तो टिकला. गप्प मात्र बसला नाही. तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो आणि मित्रांना तर भिकार सांत्वन करणारे म्हणतो. पार शेवटी, ४२व्या अध्यायात, तो त्याच मित्रांसाठी प्रार्थना करतो. राखेत बसून राहणं त्याला आधी जमलं. माणसांपर्यंत यायला अख्खं पुस्तक लागलं.

बाकावर बसल्या बसल्या निर्गमचा ३४वा अध्याय काढला. लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याचा प्रकार नुकताच झालाय, मोशे दगडाच्या नव्या पाट्या घेऊन डोंगरावर उभा आहे, आणि परमेश्वर स्वतःविषयी सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. हा 'मंदक्रोध' शब्द मी लहानपणापासून पाठ म्हणतेय. सासऱ्यांनी त्याच्यावर लिहिलंय: 'मूळ हिब्रू, लांब नाकाचा.' हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. राग आला की नाक तापतं, आणि ज्याचं नाक लांब त्याचा राग तापायला वेळ लागतो. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात, ते आणि हे किती जवळ आहे! माझी आई माझ्याबद्दल नेहमी तेच म्हणायची.

परमेश्वर रागावतच नाही असं मात्र नाही. दोनच अध्याय मागे त्याचा कोप भडकलेला आहे. राग आहे, पण त्याला वाट लांबची आहे, आणि त्या लांब वाटेवर माणसाला मागे फिरायला अवधी मिळतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तेच आहे: प्रभू उशीर करत नाही, तो आपल्याविषयी धीर धरतो, कुणाचा नाश होऊ नये म्हणून.

इथे मी बराच वेळ थांबले. सहनशीलता हा शब्द आपल्या मंडळ्यांत बायकांना, सुनांना, गरिबांना सांगितला जातो. सोस म्हणून. माझ्या थोरल्या बहिणीला नवऱ्याच्या माराखाली हेच वचन ऐकवलं गेलं होतं, आणि ते मला आजही चुकीचं वाटतं. निर्गमात हा गुण हतबलाचा नाही. ज्याच्या हातात शिक्षा आहे आणि जो ती लगेच करत नाही, त्याचा आहे. मार खाणारीला सोसायला सांगण्याआधी हा शब्द मारणाऱ्याला सांगायला हवा होता. ज्याचा हात वर आहे, त्याने धरायचा हा धीर.

आणि आमच्या घरात आता हात कुणाचा वर आहे? बाटली माझ्याकडे, वही माझ्याकडे, फ्रिजवर नजर माझी. यांच्याकडे फक्त तहान आहे.

हे मला बाकावरच कळलं आणि रडू आलं. वॉर्डबॉयने पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो एका दमात प्यायले, आणि मग त्या रिकाम्या ग्लासाकडे बघवेना.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही आठवलं. त्यांचा संताप लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलाय. त्यांनी १८९५ साली इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली, स्वतःचं मन वळल्यावर. तापट माणसाने बायकोसाठी पाच वर्षं थांबणं मला त्यांच्या कित्येक अभंगांपेक्षा मोठं वाटतं. शुक्रवारी हे सांगेन.

जुन्या काळच्या ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनचंही सांगेन, पाळकबाईंनी मागे शिकवलेलं. इ.स. २००च्या सुमारास कार्थेजच्या या माणसाने धीरावर पुस्तक लिहिलं आणि सुरुवातीलाच कबूल केलं की हा गुण आपल्यात नाही, आजारी माणूस जसा आरोग्याविषयी बोलतो तसा मी बोलतोय. आता पाळकबाईंना 'दुसरी कुणी बघा' असा फोन करणार नाही. आजारी म्हणूनच उभी राहीन, आणि आज सकाळचं आधी सांगेन.

पावणेदोनला हे बाहेर आले. जास्त पाणी काढावं लागलं म्हणून शेवटच्या तासाला पायात गोळे आले होते, चेहरा पांढरा पडला होता. टॅक्सीत मी म्हणाले, "अहो, माझं चुकलं. सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं." जे. जे.चा पूल संपेपर्यंत हे बाहेरच बघत होते. मग म्हणाले, "अगं, तुझं बरोबरच होतं. पण तीन वर्षं झाली मला पोटभर पाणी प्यायल्याला."

तीन वर्षं वहीत आकडे मांडतेय, आणि हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. यांनी सांगितलं नव्हतं की मी विचारलं नव्हतं, ते आठवत नाही.

संध्याकाळी बर्फाचा ट्रे काढला. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून एकेका खणात २० मिली पाणी घातलं. पाणी घोटात संपतं, बर्फ तोंडात टिकतो, असं डायलिसिसच्या सिस्टर पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं. केलं नव्हतं.

इथवर लिहून दिवा घालवला होता, पण दोनच्या सुमाराला जाग आली म्हणून परत लिहितेय. हे खिडकीशी बसले होते. पंखा फिरत होता तरी घाम. म्हणाले, "एक खडा मिळेल का?"

वही पाहिली. ९६० मिली झाले होते. एक यांना दिला, आणि एक मी माझ्या तोंडात धरला. वितळेपर्यंत दोघंही काही बोललो नाही.