तुम्ही विचारलंत म्हणून: इराकबाबत ते खोटं बोलले की चुकले?

इराक अण्वस्त्रं आणि जैविक अस्त्रं बनवतोय, असं सांगून अमेरिकेने पुकारलेल्या २००३च्या इराक युद्धाचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: बुश सरकार धडधडीत खोटं बोललं, की गुप्तचरांनी त्याला तोंडघशी पाडलं? दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. या दाव्यांबद्दल सरकारातच शंका होत्या आणि लेखी होत्या. पण त्या कोणाच्या, हे ‘गुप्त’ शिक्क्याखाली झाकून ठेवता आलं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचंच प्रकरण घ्या.

२००१ मध्ये इराककडे निघालेला नळ्यांचा माल जॉर्डनमध्ये अडवला गेला. इराकला एकूण ६०,००० नळ्या हव्या होत्या. मिश्रधातू ७०७५-टी६, व्यास ८१ मिमी, लांबी ९०० मिमी, पत्र्याची जाडी ३.३ मिमी. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए म्हणाली, हे सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे बॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राचे, रोटर (आतली फिरती नळी). ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना, म्हणजे अमेरिकेत ज्यांना सेंट्रिफ्यूज सर्वांत जास्त कळतात त्यांना, ते पटेना. १९९०च्या सुमारास इराक ज्या रचनेवर काम करत होता तिचा रोटर १४५ मिमी व्यासाचा, जाडी जेमतेम १ मिमी. ते सोडून अरुंद आणि जाड नळीकडे कोण कशाला वळेल?

उलट इराक ८१ मिमीचं एक रॉकेट बनवत होता, इटलीच्या मेडुसाची नक्कल. त्याच्याशी माप आणि धातू दोन्ही जुळत होते. शिवाय नळ्या अ‍ॅनोडाइझ करून, म्हणजे वर संरक्षक थर चढवून, मागितल्या होत्या. उघड्यावर पडून राहणाऱ्या रॉकेटला तो थर गंजापासून वाचवतो. सेंट्रिफ्यूजसाठी मात्र तो काढूनच टाकावा लागला असता. सीआयएचा हुकमी मुद्दा होता की साध्या रॉकेटला इतकं काटेकोर माप लागतच नाही. अमेरिकी लष्कराचं स्वतःचं मार्क-६६ रॉकेट याच मिश्रधातूचं, जवळपास तितक्याच काटेकोर मापाचं होतं!

तरी ८ सप्टेंबर २००२ ला बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस टीव्हीवर सांगून गेल्या की या नळ्या खरं तर अण्वस्त्र कार्यक्रमालाच योग्य आहेत.

मग काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, आग्रहावरून तीनेक आठवड्यांत गुप्तचरांचा एकत्रित अंदाज तयार झाला. त्याच्या गुप्त प्रतीत ऊर्जा खातं आणि परराष्ट्र खात्याचा गुप्तचर विभाग यांचं वेगळं मत नावानिशी नोंदलेलं होतं. ४ ऑक्टोबरला लोकांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तिकेत उरलं एवढंच की ‘काहींच्या मते’ नळ्या पारंपरिक शस्त्रांसाठी असाव्यात. हे ‘काही’ म्हणजे देशाचे सेंट्रिफ्यूज तज्ज्ञच, हे वाचणाऱ्याला कळायचं कसं? ‘आमचा अंदाज आहे की’ हे शब्दही जागोजागी गळाले आणि अंदाजाचं विधान झालं. सिनेटच्या गुप्तचर समितीने २००४ मध्ये दोन्ही मजकूर ताडून पाहिले तेव्हा हे अधिकृतपणे नोंदलं गेलं. पण २००२ मध्ये ती पुस्तिका निघाल्यावर आठवड्याभरातच काँग्रेसने युद्धाचा अधिकार देऊन टाकला: प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३.

सगळं रचलेलंच होतं म्हणणाऱ्यांना अडचणीची बाजूही आहे. नळ्यांबाबत ठाम विरोध करणाऱ्या ऊर्जा खात्याने, इराकचा अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू होतोय, या निष्कर्षाला इतर कारणांवरून मान डोलावलीच. नाही म्हणणारा परराष्ट्र खात्याचा विभाग एकटा पडला.

इराककडे जैविक अस्त्रं बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, ही कथा तर मुख्यतः ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या एकाच खबऱ्यावर उभी होती. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात होता आणि युद्धाआधी सीआयएने त्याची स्वतः चौकशी केलेलीच नव्हती.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक इराकच्या नस्र कारखान्यात गेले तेव्हा तिथे याच मिश्रधातूच्या नळ्यांची १३,००० तयार रॉकेटं होती. ७ मार्च २००३ ला संस्थेचे प्रमुख एल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी असण्याची शक्यता कमी आहे. २० मार्चला युद्ध सुरू झालं. गुप्त अंदाजातले मुख्य निष्कर्ष, त्या वेगळ्या मतांसकट, सरकारने खुले केले ते १८ जुलैला.