ॲमस्टरडॅममध्ये भाड्याची सायकल: माझा आणि बाबांचा अनुभव

ॲमस्टरडॅमला जाणाऱ्याला कुणी ना कुणी सांगतंच, "तिथे सायकल घ्या बरं का." पण कोणती घ्यायची, दुकानात काय बघून घ्यायची आणि ती घेऊन नेमकं जायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. यंदा मे महिन्यात मी आणि बाबा तिथे सायकलवर फिरलो. त्यातलं जे उपयोगी वाटलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, विशेषतः ज्यांना वयस्कर आईवडिलांना घेऊन जायचं आहे त्यांच्यासाठी.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. पुण्यात सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं सायकलने गेले. पहिली पाळी असली की पहाटे निघायचे, आणि पाऊस असो वा थंडी, त्यात खंड नसे. त्यामुळे 'जमेल का' हा प्रश्न त्यांच्या बाबतीत नव्हताच. सवय मोडून बरीच वर्षं झाली होती, एवढंच. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती मावसबहिणीबरोबर ट्रामने फिरली. ही बहीण आम्स्टलवेनला राहते. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या या गावात भारतीय कुटुंबं इतकी आहेत की बागेत मराठी कानावर पडतं.

रेल्वे स्टेशनांवर निळ्या-पिवळ्या सायकली दिसतात आणि त्या स्वस्तही असतात, पण त्यांचा नाद सोडा. तिथल्या वैयक्तिक प्रवास-कार्डाला आणि बँक खात्याला ती सेवा जोडलेली असते, चार दिवसांच्या पाहुण्याला तिचा उपयोग नाही. आपल्यासाठी भाड्याची दुकानं. ती शहरभर आहेत, आणि साध्या सायकलला दिवसाला १५ युरोच्या आसपास पडतात. गिअर, हँडब्रेक, विमा यांचे पैसे वेगळे. आम्ही मुद्दाम व्होंडेलपार्कजवळचं दुकान निवडलं. स्टेशनसमोरून सायकल घेतली तर पहिल्याच मिनिटाला ट्राम, बस आणि माणसांच्या लोंढ्यात पडावं लागतं. इथे दुकानातून निघालं की दोन वळणांत बाग, आणि बागेत मोटार नाही.

दुकानात ओळखपत्र मागतात आणि अनामत घेतात. अनामत म्हणजे बहुतेक वेळा क्रेडिट कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात आणि सायकल परत केली की सोडतात. आमचं फोरेक्स कार्ड त्यासाठी चाललं नाही, साधं क्रेडिट कार्ड चाललं. तेव्हा ते बरोबर असू द्या. मूळ पासपोर्ट ठेवून घेतो असं कुणी म्हणालं तर मी तरी दुसरं दुकान बघेन. परक्या देशात पासपोर्ट दुसऱ्याच्या खणात ठेवून फिरायला जाऊ नये. चोरीचा विमा मात्र जरूर घ्या. त्याची अट नीट वाचा: सायकल चोरीला गेली तर किल्ली दाखवावी लागते, म्हणजे तुम्ही कुलूप लावलं होतं हे सिद्ध होतं. किल्ली नसेल तर विमा गेला, आणि पूर्ण सायकलची किंमत काही शे युरो होते.

आता सायकल. दुकानातल्या मुलाने बाबांकडे एकदा पाहिलं आणि खाली वाकलेल्या दांडीची, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो तशी, बाहेर काढली. बाबा म्हणाले, "अगं, त्याला सांग, मला दांडीची दे." तेवढ्यात सूट घातलेले एक गृहस्थ तसल्याच सायकलवरून समोरून गेले. तिथे ही सायकल बायका चालवतात, पुरुष चालवतात, सगळेच चालवतात. टांग मागून टाकायची नसल्याने उतरणं-चढणं सोपं जातं आणि सिग्नलला पटकन पाय टेकता येतो. बाबांना पटलं. सीट मात्र दोघांचीही बरीच खाली करून घ्यावी लागली. तिथली माणसं उंच, आणि सायकलीही त्यांच्याच मापाच्या. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का, हे दुकानातच बघा. तिथे स्पॅनर असतो, रस्त्यात नसतो.

सगळ्यात महत्त्वाचा ब्रेक. स्वस्तातल्या सायकलींना हँडब्रेक नसतोच. पॅडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या सायकलींना फ्रीव्हील असतं आणि आपल्या पायांना एक खोड असते, जी असल्याचं आपल्याला माहीतही नसतं. सिग्नलला थांबलो की आपण पायाच्या बोटांनी पॅडल मागे फिरवून वर आणतो, म्हणजे निघताना त्यावर जोर देता येतो. इथे पॅडल मागे फिरतच नाही, जिथे थांबलं तिथेच अडकतं. ते नेमकं तळाशी असलं तर हिरवा दिवा लागला तरी निघता येत नाही आणि मागच्यांच्या घंट्या सुरू होतात. बाबांनी दुकानासमोरच्या गल्लीतच हे ओळखलं. थांबण्याच्या आधीच्या अर्ध्या फेरीत उजवं पॅडल वर ठेवायचं, आणि चुकून खाली राहिलंच तर कॅरिअर धरून मागचं चाक जरा उचलायचं आणि पॅडल पुढे फिरवून घ्यायचं, अशी युक्ती त्यांनी काढली. मला ती सवय लागेना, म्हणून मी जास्तीचे पैसे देऊन हँडब्रेकवाली घेतली. पॅडल मागे फिरवायची सवय सुटत नसेल तर हँडब्रेकच मागा, त्यात कंजुषी नको.

कुलुपं दोन. एक मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं कडं. ते उघडं असताना किल्ली निघत नाही, लावलं की हातात येते. दुसरं म्हणजे जाड साखळी. ती पुढचं चाक आणि सायकलचा सांगाडा दोन्हींतून ओवून रॅकला किंवा खांबाला बांधायची. दोन मिनिटांसाठी कॉफी आणायला गेलात तरी दोन्ही लावायची. आणि वाट्टेल तिथे लावायची नाही, कारण चुकीच्या जागची सायकल महापालिका उचलून दूरच्या डेपोत नेते. सेंट्रल स्टेशनसमोर २०२३ साली चक्क पाण्याखाली सायकलतळ बांधला आहे. तिथे ७००० सायकली मावतात आणि पहिले २४ तास फुकट.

व्होंडेलपार्कमध्ये आम्ही उजव्या बाजूने चालवायचा सराव केला. सरळ रस्त्यावर काहीच वाटत नाही, घोटाळा वळणावर होतो. डावीकडे वळलो की मन आपोआप डाव्या कडेला ओढतं. बाबांनी मला सांगितलं, "वळताना मनात उजवी, उजवी म्हणत राहा," आणि त्याचा खरंच उपयोग झाला. वळायच्या आधी हात दाखवायचा, तिथे सगळे दाखवतात. लालसर डांबराचा पट्टा सायकलींचा. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसली आणि टोकं आपल्याकडे असली, तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. असं काहीच चिन्ह नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. ट्रामचे रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे, तिरकं गेलं तर चाक खाचेत जातं आणि माणूस आडवा होतो. चालवताना मोबाइल हातात धरायला २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, म्हणून नकाशा बघायचा तर कडेला उतरूनच. आणि सायकलपट्ट्यात मध्येच थांबायचं नाही. सकाळी आठ-नऊला तिथे थांबणं म्हणजे गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात उभं राहून फोटो काढण्यासारखं आहे. आपण सहलीला आलेलो असतो, पण शेजारून जाणारी बाई मुलाला शाळेत सोडून कामावर निघालेली असते. तिची वाट अडवू नये, हे मला फार मनापासून वाटतं.

बागेतून निघून आम्ही राइक्सम्युझियमपाशी आलो आणि सरळ त्याच्या पोटातून गेलो. पिएर कॉयपर्सने बांधलेली ही इमारत १८८५ साली उघडली. तिच्या मधोमध कमानींचा बोळ आहे आणि त्यातून सायकली जातात. दोन्ही बाजूंना काचा, काचांमागे संग्रहालय, बोळात कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं. मोठ्या नूतनीकरणात हा रस्ता सायकलींना बंद करावा असं संग्रहालयाचं मत होतं. सायकलस्वारांची संघटना वर्षानुवर्षं भांडली आणि २०१३ साली रस्ता पुन्हा खुला झाला. रेम्ब्रांचं जगप्रसिद्ध चित्र ज्या इमारतीत आहे, तिच्यातून रोज लोक भाजीच्या पिशव्या लटकवून जातात. मला हे त्या शहराचं सगळ्यात सुंदर दृश्य वाटलं.

संध्याकाळी बहिणीने बाबांना सांगितलं की हे पूर्वीपासून असं नव्हतं. युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्सच्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर लहान मुलं होती. 'मुलांचे खून थांबवा' असं रोखठोक नाव घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांना दिसलं. त्यानंतर हळूहळू हे पट्टे झाले. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या पाळीला पुलावर नुसत्या सायकली असायच्या. त्या गेल्या, तेव्हा आम्ही कुणी भांडलो नाही गं." पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. नेदरलँड्सची माणसं आपल्यापेक्षा वेगळी नव्हती, त्यांनी फक्त मुलांच्या जिवासाठी रस्ता मागून घेतला. आपणही मागू शकतो, अजूनही.

पुन्हा रस्त्याकडे. मध्यवर्ती कालव्यांच्या काठाने एक फेरी मारा, पण अख्खा दिवस तिथे घालवू नका. रस्ते अरुंद, मालाच्या गाड्या उभ्या, पुलांवर फोटो काढणाऱ्यांची गर्दी. आम्ही प्रिन्सेनग्राख्त या कालव्याच्या काठाने उत्तरेला गेलो आणि सेंट्रल स्टेशनखालच्या बोगद्यातून पलीकडे निघालो. हे स्टेशनही कॉयपर्सचंच, १८८९ चं, आणि बोगद्यालाही त्याचंच नाव आहे. चालणाऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांमध्ये जहाजांचा ताफा रंगवला आहे. तो बघायचा तर उतरून त्या बाजूला जा. बोगद्याच्या तोंडाशी पाणी आणि फेरीबोट. तिकीट नाही, रात्रंदिवस चालू, सायकलसकट आत शिरायचं. बाउक्स्लोटरवेखचा फलक असलेली बोट धरा, काही मिनिटांत पलीकडे पोचते.

पलीकडे गेल्यावर शहर हळूहळू मागे पडतं. जुन्या बांधावरून निउवेंडाम, मग स्खेलिंगवाउडे, मग डुर्गरडाम. बांधावरची लाकडी घरं बुटकी, दारात गुलाब, खिडक्यांना पडदे नाहीत. डुर्गरडामच्या पुढे बांध उघडा पडतो. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला कुरणं, आणि नीट पाहिलं तर कुरणं पाण्यापेक्षा खाली आहेत. गाई पाण्याच्या पातळीखाली चरतायत! बांध मध्येच वळसा घेतो, तिथे आतल्या बाजूला तळं दिसतं. पूर्वी कधीतरी बांध फुटला, पाण्याने तिथे खोल खड्डा केला, आणि लोकांनी त्याला वळसा घालून नवा बांध घातला. हे पाणी तेव्हा समुद्राचं होतं. १९१६ च्या पुरानंतर तो समुद्रच अडवायचं ठरलं आणि १९३२ साली मोठा बांध पूर्ण होऊन इथलं खारं पाणी गोडं झालं. बाबा सायकल स्टँडवर लावून, बांधाच्या उतारावर बसून दगडांची रचना बघत राहिले. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कुठलंही काम कसं केलंय ते बघायचं असतं.

वाऱ्याचं सांगते, कारण तो कुठल्याच नकाशावर नसतो. तिथे वारा बहुतेकदा नैर्ऋत्येकडून येतो. डुर्गरडामकडे जाताना तो पाठीवर असतो, सायकल आपोआप पळते आणि आपण उत्साहाने लांब जातो. परतताना तोच तोंडावर, आणि सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं वाटतं. म्हणून जाताना जेवढी ताकद वाटते त्याच्या निम्म्या अंतरावर मागे वळा. पाणी, थोडं खाणं आणि वारा अडवणारं जाकीट बरोबर ठेवा. येताना बाबा पुढे आणि मी त्यांच्या आडोशाला, असे आम्ही आलो. ते ऐकेनात, म्हणाले, "तू मागेच राहा."

सायकल परत करताना दुकानाची बंद व्हायची वेळ आधी विचारून ठेवा, बरीच दुकानं सहाच्या सुमारास आवरतात. त्या मुलाने दोन्ही कुलुपं आणि किल्ल्या तपासल्या, दिवे लावून पाहिले, संपलं. जास्त दिवसांसाठी घेतली तर रोजचं भाडं कमी होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं, खरं तर हे पहिल्याच दिवशी विचारण्यासारखं आहे. बाबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. डुर्गरडामच्या पुढे तोच बांध आउडडामला जातो आणि तिथून मार्केनला. मार्केन पूर्वी बेट होतं, १९५७ पासून बांधाच्या रस्त्याने जमिनीला जोडलं आहे. "जाऊन येऊन किती किलोमीटर होतील, विचार त्याला," बाबा म्हणाले. मुलाने आधी हवामान बघितलं, मग बाबांकडे बघितलं, आणि त्यांच्यासाठी गिअरची सायकल काढायला आत गेला.